बाजारपेठ जवळ आली, पण माल थांबतो कुठे? (सोलापूरच्या निमित्ताने)

एकरुख (धागाकर्ता)

सोलापूरच्या विकासाची चर्चा सुरू झाली की ती हटकून दळणवळणावर येऊन ठेपते. पुण्याचा रस्ता चौपदरी झाला, हैदराबादचा झाला, विजयपूरचा झाला, फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईची वंदे भारत सुरू झाली आणि २०२५ मध्ये प्रवासी विमानही उडाले. प्रत्येक वेळी ‘आता सोलापूर बदलणार’ असे आपण म्हणालो. तरीही अभियांत्रिकीची पदवी हाती पडलेला मुलगा रविवारी रात्री पुण्याच्या गाडीत बसतो, त्यात काही फरक पडलेला नाही. बाजारपेठेपर्यंतचा रस्ता सुकर झाला की प्रदेशाची भरभराट होते, हे अर्थशास्त्रातील जुने आणि बऱ्याच अंशी सिद्ध झालेले मत मला खोडायचे नाही. मला एवढेच मांडायचे आहे की, वाहतूक स्वस्त झाल्याचा मोठा वाटा त्या गावाला मिळतो जिथे माल थांबतो. म्हणजे जिथे तो उतरवला जातो, निवडला जातो, त्यावर काही काम होते, त्याचा भाव ठरतो आणि त्याच्या जिवावर कर्ज उभे राहते. ज्या गावावरून माल नुसताच पुढे जातो, त्याच्या वाट्याला धूळ आणि टोलनाका येतो.

आपल्याच गावाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापुरात पोहोचली ती १८६० मध्ये. बोरघाटाचा अवघड टप्पा १८६३ मध्ये पूर्ण झाला आणि सोलापूर मुंबई बंदराशी सलग जोडले गेले. त्यापुढचा लोहमार्ग रायचूरपर्यंत जाण्यास मात्र १८७१ साल उजाडले. मधली जवळपास दहा वर्षे या मार्गाचे शेवटचे मोठे ठाणे सोलापूर हेच होते आणि नेमक्या याच काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानातील कापसाची निकड भासत होती. निजामाच्या मुलखातून आणि विजापूरच्या बाजूने बैलगाड्यांनी आलेला माल इथे उतरत असे, इथे तोलला जात असे आणि इथल्या पेढ्यांवर त्याचे पैसे चुकते होत असत. लोहमार्ग पुढे सरकल्यावर ही मिरासदारी संपायला हवी होती. पण तोवर पेढ्या, गोदामे, हमाल, दलाल आणि भांडवल यांची जी वीण बसली होती ती उसवली नाही. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली ‘जुनी गिरणी’, सुरू केली. कापूस जवळ होता, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हात होते आणि यंत्रे व कोळसा आणायला रेल्वे होती. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू आणि लक्ष्मी या गिरण्या आल्या, हे सर्वांना ठाऊकच आहे.

रेल्वेचा हा परिणाम केवळ स्थानिक अभिमानाचा विषय नाही. अर्थतज्ज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांचा ब्रिटिशकालीन हिंदुस्थानातील रेल्वेवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी वाहतुकीचा खर्च मोजण्यासाठी मिठाचा उपयोग केला. मीठ ठरावीक ठिकाणीच तयार होत असे. त्यामुळे आगरातील भाव आणि दूरच्या जिल्ह्यातील भाव यांतील तफावत म्हणजे बव्हंशी वाहतुकीचा खर्च, असे धरता येते. बैलाच्या पाठीवरून माल दिवसाला फार तर ३० किलोमीटर जात असे, तर रेल्वेने सुमारे ६००. ज्या जिल्ह्यात रेल्वे पोहोचली तिथले शेतीचे वास्तव उत्पन्न साधारण १६ टक्क्यांनी वाढले, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

माझा प्रश्न असा आहे की, आज सोलापुरात कोणता माल थांबतो? साखर सोडून बोलू या, कारण उसाला कारखान्यापाशी थांबण्यावाचून गत्यंतर नाही. तोडलेला ऊस लांब नेला तर साखरेचा उतारा घटतो, म्हणून कारखाना उसाजवळच असावा लागतो. उजनीचे पाणी आले आणि जिल्हाभर धुराडी उभी राहिली, यात आपले कर्तृत्व थोडे आणि उसाचा स्वभाव अधिक आहे.

---

आडतपेढी

कांदा थांबतो. हंगामात, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत, सोलापूर बाजार समितीत एका दिवशी हजार ट्रकांपर्यंत आवक गेल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा हैदराबाद रस्त्यावर लागलेली वाहनांची रांग आणि यार्डात पाय ठेवायला जागा नसणे हे नेहमीचेच. यातील बराच कांदा जिल्ह्याबाहेरचा, धाराशिव आणि लातूरकडचा, एवढेच नव्हे तर विजयपूर, कलबुर्गी, बागलकोटचाही असतो. कर्नाटकातील शेतकरी आपल्या राज्यातील बाजार ओलांडून इथे येतो, त्याचे कारण किलोमीटर नाहीत. इथे एकाच आवारात हैदराबाद, बंगळुरू आणि चेन्नईला माल पाठवणारे खरेदीदार बोली लावायला उभे असतात. ज्या बाजारात चारच घेणारे आहेत तिथे भाव चौघे मिळून ठरवतात, आणि जिथे चाळीस आहेत तिथे त्यांना एकमेकांवर बोली चढवावी लागते. बाजारपेठ जवळ असणे याचा आमच्या धंद्यातील अर्थ हाच आहे.

परंतु धागाकर्त्यांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते. माल थांबल्याचा फायदा गावाला होतो तो हमाली, तोलाई, बारदान, भाडे आणि चहाच्या टपऱ्या यांच्या रूपाने. शेतकऱ्याला तो होईलच असे नाही. फेब्रुवारी २०२३ मधील ती पट्टी (आडत्याने शेतकऱ्याला दिलेली हिशेबाची पावती) आठवून पाहावी, जी देशभरातील वर्तमानपत्रांत झळकली होती. बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापुरात आणला, भाव लागला किलोला एक रुपया, आणि ५१२ रुपयांतून गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती राहिले २ रुपये ४९ पैसे. तेही चेकने. त्या पट्टीतला एकही वजावटीचा रकाना नवा नव्हता. हमालाचा दर गोणीवर असतो, गाडीभाडे गोणीवर असते. कांद्याचा भाव पंचवीस रुपये असो की एक रुपया, हे खर्च तितकेच राहतात. भाव पडला की अंतराचा सगळा भार एकट्या शेतकऱ्यावर येतो, ही गोष्ट सरासरीच्या आकड्यांत दिसत नाही. २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतली जाते, ही सुधारणा चांगलीच झाली, पण त्या पट्टीवर तिचा काही उपाय चालला नाही.

---

हिशेबनीस

धाग्याचा विषय महत्त्वाचा आहे. ‘बाजारपेठेशी असलेली जवळीक’ मोजण्याची जी रीत अर्थतज्ज्ञ वापरतात ती अशी: एखाद्या गावाच्या भोवतालच्या प्रत्येक बाजाराची क्रयशक्ती घ्यायची, तिथवर पोहोचण्याच्या खर्चानुसार ती कमी करायची आणि सर्वांची बेरीज करायची. १९५४ मध्ये अमेरिकेतील कारखानदारीच्या संदर्भात ही कल्पना मांडली गेली. या बेरजेचा एक परिणाम लक्षात ठेवावा लागतो: माझा रस्ता सुधारला की माझी बेरीज वाढते, पण शेजारच्या मोठ्या शहराला माझ्या दारात येणेही तितकेच स्वस्त होते.

चीनमध्ये मोठ्या शहरांना जोडणारे राष्ट्रीय महामार्ग बांधले गेले तेव्हा वाटेत आलेल्या परिघावरच्या तालुक्यांचे काय झाले, यावरील एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. महामार्गाने जोडल्या गेलेल्या या लहान प्रदेशांची वाढ न जोडल्या गेलेल्यांपेक्षा मंदावली आणि तिचा मुख्य फटका त्यांच्या उद्योगांना बसला, असे त्यात आढळले. आपल्याकडे पंतप्रधान ग्रामसडक योजनेतील रस्त्यांवरचा २०२० चा अभ्यासही असाच विचारात टाकणारा आहे. रस्ता झाल्यावर त्या खेड्यांतील लोक शेतीतून बाहेर पडून अन्यत्र मजुरीला जाऊ लागले. शेतीचे उत्पादन, घरांचे उत्पन्न किंवा मालमत्ता यांत मात्र फारसा बदल झाला नाही. रस्ता माणसांना बाजाराकडे घेऊन गेला, बाजार खेड्यात आला नाही.

यात सरकारी धोरणाचाही हात असतो. स्वातंत्र्यानंतर पन्नासच्या दशकापासून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत केंद्राने पोलादासाठी भाडेसमानीकरणाचे धोरण राबवले. जमशेदपूरचे पोलाद जमशेदपुरात ज्या भावाने मिळे, जवळजवळ त्याच भावाने मुंबईत मिळे, कारण वाहतुकीचा फरक सरकार भरून काढत असे. बिहार, बंगाल आणि ओडिशा यांना खाणीजवळ असण्याचा जो नैसर्गिक लाभ होता तो त्यामुळे पुसला गेला आणि कारखानदारी बंदरे व मोठे ग्राहक असलेल्या पश्चिमेकडे वळली. पश्चिमेत पिकणाऱ्या कापसाला असे समानीकरण नव्हते, ही पूर्वेकडील राज्यांची जुनी तक्रार आहे, आणि महाराष्ट्रात बसून ती ऐकताना थोडे अवघडायला होते. सोलापूरला पुण्या-मुंबईने शोषले, असे म्हणताना मुंबईने कोणाला शोषले याचाही हिशेब मांडला पाहिजे.

---

बार्शीकर

आमच्या गावाचा उल्लेख दोन रुपयांच्या चेकपुरता झाला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मुख्य लोहमार्ग बार्शीला टाळून गेला. स्थानकाला नाव मिळाले बार्शी रोड, आणि ते स्थानक म्हणजे आजचे कुर्डुवाडी, बार्शीपासून चौतीस-पस्तीस किलोमीटर दूर. तरीही बार्शी ही बालाघाटाखालची आणि घाटावरच्या निजामी मुलखाची जुनी उतारपेठ होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. कमी खर्चात, हलक्या रुळांवर, परंतु प्रत्येक चाकावर सारखा भार येईल अशा बेताने बांधलेल्या डब्यांमुळे ही अरुंद गाडी बराच माल ओढत असे.

धागाकर्त्यांच्या ‘माल थांबण्या’च्या मुद्द्याला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही, पण ते उदाहरण कुर्डुवाडीचे आहे. लहान रुळांवरून आलेले पोते मोठ्या रुळांवरील डब्यात चढवण्यासाठी तिथे उतरवावेच लागे. त्या चढउतारावर आणि रेल्वेच्या कारखान्यावर एक अख्खे गाव उभे राहिले. ज्या गैरसोयीमुळे शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा खर्च वाढत होता, तीच गैरसोय कुर्डुवाडीची रोजीरोटी होती. त्यामुळे माल थांबला म्हणजे विकास झाला, असे सरसकट म्हणायला माझी तयारी नाही. तो कोणाच्या पैशाने थांबला, हे विचारले पाहिजे.

बार्शीपुरते बोलायचे तर आमची भरभराट दोन गोष्टींवर उभी होती. एक ही गाडी आणि दुसरी निजामाची सरहद्द. सरहद्दीपलीकडच्या तूर, हरभरा, ज्वारी आणि कापसाला इंग्रजी मुलखातील बाजार आणि पतपुरवठा हवा असे, आणि तो देणारी सर्वांत जवळची मोठी पेठ बार्शी होती. सप्टेंबर १९४८ मध्ये ती सरहद्द पुसली गेली. पुढे घाटावर रस्ते झाले, मालमोटारी आल्या, लातूर १९८२ मध्ये जिल्ह्याचे ठिकाण झाले, आणि डाळीचा व सोयाबीनचा जो व्यापार कधीकाळी उतारावरून आमच्याकडे येत असे तो लातुरातच मुरला. लातूरकरांनी डाळमिली काढल्या, तेलाचे कारखाने काढले. मालावर काम तिथेच होऊ लागले. अडथळा गेल्याने एका गावाचे नुकसान आणि दुसऱ्याचे कल्याण झाले, आणि संपूर्ण प्रदेशाचा विचार केला तर ते योग्यच झाले, असे बार्शीकर असूनही म्हणावे लागते.

---

हिशेबनीस

बार्शीकर, आपल्या उदाहरणाची उलटी बाजू जर्मनीत सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतर देशाची फाळणी झाली तेव्हा पश्चिम जर्मनीतील जी शहरे नव्या सीमेलगत आली, त्यांची वाढ देशाच्या आतल्या शहरांच्या तुलनेत खुंटली आणि लहान शहरांना हा फटका अधिक बसला. तिथे सरहद्द आल्याने गावे सुकली, बार्शीत सरहद्द गेल्याने. दोन्हींचे कारण एकच आहे: गावाच्या पाठीमागचा मुलूख कोणत्या बाजाराकडे तोंड करून उभा आहे, ते बदलले.

---

पूर्वभाग

चादरीवर कोणी लिहिले नाही, याचे नवल वाटले.

सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले त्यालाही आता वीसेक वर्षे झाली. तरी देशातील कोणत्याही स्थानकाबाहेर ‘सोलापुरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चादरीवर हात फिरवून पाहावा. पुष्कळदा सूत आमचे नसते आणि वीणही आमची नसते. आमची चादर जॅकार्डवर विणलेली, सुती, दोन्ही बाजूंनी नक्षी उठणारी आणि धुतल्यावर मऊ होत जाणारी. तिचा मुकाबला आहे पानिपतच्या पॉलिस्टर ब्लँकेटशी, जे वजनाला हलके, दिसायला झगमगीत आणि किमतीला स्वस्त असते. पानिपतला दिल्ली नव्वद किलोमीटरवर आहे आणि पाठीशी अवघा उत्तर भारत आहे, जिथे खरीखुरी थंडी पडते आणि दरवर्षी पांघरूण विकत घेतले जाते. आमच्या चोहोबाजूंना अशी मुलखे आहेत जिथे चादर उन्हाळ्यात अंथरतात आणि दहा-दहा वर्षे वापरतात. टिकाऊपणा हा आमच्या मालाचा गुण आणि आमच्या धंद्याचा शत्रू आहे, असे माझे वडील यंत्रमागाच्या खडखडाटात ओरडून सांगत असत.

म्हणून मला अंतराचा मुद्दा दुय्यम वाटतो. सोलापूरहून दिल्लीला चादरीचा गठ्ठा पाठवण्याचा खर्च चादरीच्या किमतीच्या मानाने फार नाही. अडचण अशी आहे की, पानिपतचा कारखानदार दिल्लीच्या घाऊक बाजारात दर आठवड्याला जाऊन बसतो. कोणता रंग खपतो, कोणता पडून आहे, हे तो डोळ्यांनी पाहतो आणि पुढच्या आठवड्यात माल बदलतो. आमच्याकडे ही खबर दलालामार्फत येते, तीही मागणी सरल्यावर. टॉवेलमध्ये ज्यांनी परदेशी खरेदीदाराशी थेट संबंध जोडले त्यांची स्थिती बरी आहे. वाहतूक त्यांनाही तीच पडते.

गिरण्यांच्या ऱ्हासाचे खापर रेल्वे-रस्त्यांवर फोडू नये, अशीही विनंती आहे. जुनी गिरणी साठच्या दशकातच बंद पडली. तेव्हा लोहमार्ग होता, कापूस होता आणि कामगारही होते. यंत्रे जुनी झाली होती आणि नफा यंत्रांत परत घातला गेला नव्हता.

---

एकरुख (धागाकर्ता)

पूर्वभाग यांच्या प्रतिसादाने चर्चेला योग्य वळण मिळाले. बाजारातील खबर वेळेवर पोहोचणे हाही बाजारपेठेच्या जवळिकीचा भाग मानला पाहिजे, कदाचित रुळांइतकाच. रेल्वेच्या जोडीने तारखातेही इथे स्थिरावले आणि मुंबईचा कापसाचा भाव इथल्या पेढीला त्याच दिवशी कळू लागला, याचे महत्त्व आपण रुळांच्या कौतुकात विसरतो.

बार्शीकरांच्या आक्षेपाबद्दल: कुर्डुवाडीची चढउतार आणि लातूरची डाळमिल यांत मी फरक करतो. पहिल्या प्रकारात माल थांबतो कारण वाट तुटलेली आहे. दुसऱ्या प्रकारात तो थांबतो कारण तिथे त्याची किंमत वाढते. वाट जोडली की पहिले थांबणे संपते, आणि ते संपावेच. प्रादेशिक विकासाचे नियोजन करणाऱ्यांनी वाट जोडताना दुसऱ्या प्रकारच्या थांब्याची सोय केली आहे की नाही, हा प्रश्न उरतो.

सांगोल्याची किसान रेल्वे, म्हणजे शेतमाल वाहणारी खास गाडी, या कसोटीवर पाहावी. ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली ते दानापूर अशी पहिली गाडी सुटली आणि शंभरावी गाडी २८ डिसेंबर २०२० रोजी आपल्या सांगोल्याहून बंगालमधील शालिमारला रवाना झाली. सांगोला ज्या मिरज-कुर्डुवाडी मार्गावर आहे तो मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा. तो रुंद झाला नसता तर डाळिंबाची पेटी कुर्डुवाडीला पुन्हा उतरवावी लागली असती आणि ही गाडी निघालीच नसती. भाड्यात निम्मी सवलत होती, छोट्या शेतकऱ्यालाही थोड्या पेट्या पाठवता येत होत्या आणि बंगाल-बिहारचा खरेदीदार थेट टप्प्यात आला होता. पुढे सवलत संपली आणि गाड्याही आटल्या. मधल्या काळात सांगोल्यात शीतगृह, प्रतवारी, रसाचा किंवा दाण्यांचा उद्योग असे काही उभे राहिले असते तर सवलतीनंतरही वाघिणी भरल्या असत्या, असे मला वाटते.

---

सांगोलेकर

ज्या काळात आपण शीतगृह उभे राहायला हवे होते म्हणता, त्याच काळात मर आणि तेल्या या रोगांनी आणि खोडकिड्याने आमच्या बागाच्या बागा उपटाव्या लागल्या. गाडीला माल कमी पडण्याचे तेही कारण होते, आणि आम्हाला विचाराल तर मोठे कारण तेच. रेल्वे असली तरी विकायला फळ लागते. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला मानांकन मिळाले, आणि तरीही हे घडले. बाकी चर्चा वाचतो आहे.

---

उजनी_बॅकवॉटर

करमाळा तालुक्यातील कंदर आणि परिसरातील केळीचे उदाहरण इथे द्यायला हवे, कारण ‘थांबा’ उभा राहिला की काय होते ते तिथे दिसते. वीस वर्षांपूर्वी या भागातील केळी घडाच्या घड ट्रकमध्ये रचून उत्तरेकडे जात असत आणि वाटेत काळी पडत. आता घड कापल्यावर तो खांद्यावर गादी ठेवून वाहतात, जमिनीला लागू देत नाहीत. पॅकहाउसमध्ये फण्या सोडवून तुरटीच्या पाण्यात धुतात, डाग असलेली फणी बाजूला काढतात, आणि तेरा-साडेतेरा किलोच्या पेट्या भरून आधी पूर्वशीतकरणात आणि मग वातानुकूलित कंटेनरमध्ये ठेवतात. हा कंटेनर न्हावाशेवा बंदरातून इराणला आणि आखाती देशांत जातो.

पुणे-सोलापूर महामार्ग चांगला नसता तर कंटेनर वेळेत बंदरात पोहोचला नसता, हे खरे. पण तोच महामार्ग इंदापूर, माढा, मोहोळ या सर्वांना होता. कंदरला फरक पडला तो शीतगृहाच्या थांब्याने आणि हे काम शिकलेल्या मजुरांच्या टोळ्यांनी. आता शेजारच्या तालुक्यांतील शेतकरीही केळीकडे वळले आहेत. एकरुख यांच्या मताला माझा दुजोरा आहे. यातली एकच काळजी म्हणजे सगळी भिस्त दोन-चार देशांवर आहे, आणि तिकडे काही पेटले की इकडे बागेत घड पिकून गळतात.

---

हिशेबनीस

आणि तिकडे काही न पेटताही सरकार एका कागदाने बाजारपेठ दूर नेऊ शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ पासून सरळ निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क होतेच, आणि ते पूर्ण हटले एप्रिल २०२५ मध्ये. रस्ता, रेल्वे, बंदर सर्व जागच्या जागी होते. जवळ आणण्यास दशके लागतात, दूर ढकलण्यास एक अधिसूचना पुरते.

---

मोदीखान्याची_लेक

मी मूळची सोलापूरची आणि गेली बरीच वर्षे पुण्यात नोकरी करणारी. वरच्या बहुतेक प्रतिसादांत ‘गावाचा’ विकास बोलला गेला आहे, माणसांचा नाही, म्हणून लिहिते.

सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. तेंदूपत्ता बाहेरून येतो, तंबाखू बाहेरून येते, आणि वळलेली विडीही बाहेर जाते. म्हणजे एकरुख म्हणतात तसा माल इथे थांबतो, त्यावर काम होते, त्याची किंमत वाढते. हा धंदा इथे रुजला कारण गिरणीकामगारांच्या आणि विणकरांच्या घरांत दुसरे काम नसलेल्या स्त्रिया होत्या आणि त्यांची मजुरी कमी होती. माझ्या आजीची बोटे तंबाखूने पिवळी झाली होती. तिच्या घरातील थांब्याला मी विकास म्हणणार नाही.

उलट, पुण्याच्या रस्त्याने मला त्या विड्यांच्या सुपापासून दूर नेले. मी दरमहा घरी पैसे पाठवते, भावाचे शिक्षण त्यातून झाले, आणि आता तोही पुण्यात आहे. या पैशाची नोंद पुण्याच्या उत्पन्नात होते आणि सोलापूर मागे पडलेले दिसते. रविवारी रात्री गाडीत बसणाऱ्या मुलाचे दुःख धागाकर्त्यांना आहे, त्या मुलाला ते तितके नसावे. एकरुख काका, माणूस हलल्याने त्याचे भले होत असेल तर गावाची बाजू घेऊन त्याला का थांबवायचे?

---

एकरुख (धागाकर्ता)

थांबवायचे कोणालाच नाही, ताई. विडीबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे. माल कोणाच्या अगतिकतेवर थांबतो हेही पाहिले पाहिजे. परंतु जो पुण्याला जाऊ शकतो त्याच्याजवळ पदवी असते, इंग्रजी असते, राहायला खोलीचे भाडे असते. हे नसलेले मागे उरतात आणि त्यांच्यासाठी बाजार सोलापुरातच यावा लागतो. हिशेबनीस यांनी सांगितलेल्या ग्रामसडकेच्या अभ्यासातही खेड्याबाहेर काम मिळाले, पण खेड्यातील घराची मालमत्ता वाढली नाही. आपल्या भावासारखे प्रत्येक घरात घडत नाही.

---

आडतपेढी

चर्चा धोरणावर आली आहे म्हणून एक व्यवहारातली गोष्ट नोंदवतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. सोयाबीन, तूर, बेदाणा असा माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. पंढरपूरचा बेदाणा शीतगृहात राहतो, त्यावर उचल मिळते आणि बागायतदार सणाच्या भावाची वाट पाहू शकतो. कांदा या यादीत नाही, कारण तो टिकत नाही असे मानले जाते. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. आपल्याकडे हंगामात येणारा लाल कांदा खरोखरच राहत नाही, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन रुपयांची पट्टी झाली ती याच कांद्याची. तेव्हा सोलापूरच्या यार्डालगत कांदा वाळवून त्याच्या चकत्या आणि पूड करणारे कारखाने हवेत, जे भाव पडलेल्या आठवड्यात हमखास खरेदीला उतरतील. गुजरातेत महुव्याला असे कारखाने आहेत आणि तिथला पांढरा कांदा त्यांच्या आधारावर पिकतो. आमच्याकडचा लाल कांदा त्या कामाला कितपत चालेल, त्यात घट किती येईल, यावर इथे अन्नप्रक्रियेतील कोणी जाणकार असल्यास त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मागणी निघाल्यास पांढऱ्या कांद्याचे बी लावून पाहायला मोहोळ आणि उत्तर सोलापूर तालुक्यांतील काही शेतकरी तयार आहेत, हे मी त्यांच्याशी बोलून सांगतो आहे.